गीझरच्या धुराची नळी लपवू नका

घराचं रिनोव्हेशन काढलं की एक वाक्य हमखास कानावर येतं: "बाकी सगळं छान झालंय, ती नळी तेवढी दिसायला नको." ती नळी म्हणजे गॅस गीझरमधून निघून भिंतीतून बाहेर जाणारी, पत्र्याची, बहुतेक वेळा थोडी वाकडी आणि काळपट पडलेली नळी. मग इंटिरियरवाला ती फॉल्स सीलिंगमध्ये घेतो, किंवा सुतार गीझरभोवती सनमायका लावलेलं सुंदर कपाट करून देतो. बाथरूम हॉटेलसारखं दिसायला लागतं. फोटो काढले जातात.

मी डॉक्टर आहे, सजावटीत मला गम्य नाही. पण या एका वाक्याला माझा ठाम विरोध आहे. गॅस जाळणाऱ्या कोणत्याही उपकरणाचा धूर बाहेर जाण्याची वाट हा सजावटीचा विषय नाही. ती वाट झाकली, वळवली, अरुंद केली किंवा डोळ्यांआड केली की त्या घरात आंघोळ करणाऱ्या माणसाच्या जिवाशी खेळ सुरू होतो. थंडी पडली की दरवर्षी वर्तमानपत्रात "बाथरूममध्ये गुदमरून मृत्यू" अशी चार ओळींची बातमी येते. आपण ती वाचतो, हळहळतो आणि गीझर चालू करून आंघोळीला जातो.

"अहो, पण गॅसचा कुठे धूर होतो?" हा तुमच्या मनात आलेला प्रश्नच या गैरसमजाचं मूळ आहे.

आपल्या आजीच्या घरी पाणी तापवायला तांब्याचा बंब असायचा. मधोमध नळी, खाली निखारे, वरून धूर. तो परसात किंवा पडवीत ठेवलेला असायचा, कारण धूर डोळ्यांना झोंबायचा, नाकात जायचा, खोकला यायचा. बंद न्हाणीघरात बंब पेटवायची कुणाची छाती नव्हती. स्वयंपाकघराच्या छपराला धुराडं असायचं, आणि ते लपवावं असं कुणाला वाटत नव्हतं. लाकडाचा धूर आरोग्याला वाईटच, त्याचं कौतुक मी करणार नाही. पण तो निदान ओरडून सांगायचा की मी इथे आहे.

गॅसची ज्योत निळी, शांत आणि स्वच्छ दिसते. ती जळताना पुरेसा प्राणवायू मिळाला तर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. प्राणवायू कमी पडला की जळणं अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही, चव नाही, तो झोंबतही नाही. सिलिंडर गळला की जो उग्र वास येतो तो गॅसचा स्वतःचा नसतो, तुम्हाला सावध करण्यासाठी मुद्दाम मिसळलेल्या रसायनाचा असतो. गॅस जळला की ते रसायनही जळून जातं. म्हणजे वास येत नाही याचा अर्थ गळती नाही एवढाच, विषारी वायू नाही असा अजिबात नाही.

आता थोडा हिशेब करू. घरगुती सहा लिटरचा गीझर पूर्ण जोरात चालला तर तासाला साधारण एक किलो गॅस जाळतो. एक किलो गॅस नीट जळायला सुमारे १२ घनमीटर हवा लागते. आपलं नेहमीचं बाथरूम, म्हणजे पाच बाय सात फूट आणि आठ फूट उंच, यात सगळी मिळून आठ घनमीटर हवा असते. दार-खिडकी घट्ट बंद असेल तर एका माणसाच्या पंधरा मिनिटांच्या आंघोळीत गीझर तीन घनमीटर हवेतला प्राणवायू फस्त करतो. जळण बिघडायला हवा संपावी लागत नाही, प्राणवायूचं प्रमाण थोडं घसरलं तरी पुरतं. जळून झालेले वायू त्याच खोलीत राहिले तर ते पुन्हा पुन्हा ज्योतीत खेचले जातात आणि जळणं आणखी बिघडतं.

दुसऱ्याची आंघोळ पहिल्याच्या उष्ट्या हवेत होते आणि तिसऱ्याची त्याहून वाईट हवेत. आपल्याकडे शेवटी कोण आंघोळ करतं? सगळ्यांचे डबे भरून झाल्यावर घरातली बाई, आणि तिथेच बसून ती कपडेही धुते. सगळ्यात जास्त वेळ, सगळ्यात खराब हवा.

लपवण्याचे प्रकार

नळी फॉल्स सीलिंगमध्ये नेणं हा त्यातला सगळ्यात वाईट प्रकार. नळीचे सांधे उष्णतेनं सैल होतात, पत्रा गंजतो. ती उघड्यावर असती तर काळा डाग दिसला असता, ओल दिसली असती. सीलिंगच्या आत ती सुटून पडली तरी तुम्हाला खालून पांढरंशुभ्र पीओपी आणि एलईडी दिवेच दिसतात. वायू मात्र दिव्यांच्या भोकांतून खाली येतो. त्यात नळी भिंतीपर्यंत पोहोचवायला दोन-तीन कोपर जोडतात, कधी उतार उलटा देतात. गरम हवा वर जाते, तिला वळणं आणि उतार आवडत नाहीत.

गीझरभोवती बंद कपाट केलं की गीझरला खालून हवाच मिळत नाही. आणि पुष्कळ गीझरना मुळात नळीच नसते, वरच्या जाळीतून सगळं खोलीतच सोडलेलं असतं. अशा गीझरला बाथरूमच्या आत जागाच नाही. सुंदर कपाटात तर नाहीच नाही.

मग डक्ट. शहरातल्या इमारतींत दोन बाथरूमच्या मध्ये तो अंधारा उभा बोगदा असतो. "नळी दर्शनी भिंतीवर नको, डक्टमध्ये सोडा" हा सोपा उपाय सुचवला जातो. त्याच डक्टवर पाऊस आणि कबुतरं नकोत म्हणून कुणीतरी वरून पत्रा टाकलेला असतो. म्हणजे खालच्या मजल्यावरचा धूर वर जाऊन अडतो आणि चौथ्या मजल्यावरच्या बाथरूमच्या खिडकीतून आत शिरतो. त्या घरात कदाचित गॅस गीझर नसेलही.

यात सोसायटीच्या कमिट्यांनाही सोडायला मी तयार नाही. "एलेव्हेशन खराब होतं, बाहेर नळी काढू नये" अशी नोटीस लागते. एसीची धूडं आणि डिशच्या छत्र्या मात्र दर्शनी भिंतीवर खुशाल लटकत असतात! इमारतीचं तोंड एकसारखं दिसावं म्हणून तिच्यातल्या माणसांचं नाक दाबायचं, हा कुठला न्याय? आकार, रंग, जागा यांवर नियम करा, जरूर करा. पण नळी बाहेर काढूच नका असं सांगणार असाल, तर त्याच नोटिशीत गॅस गीझर बसवू नका हेही लिहा.

खिडकीचं तसंच. काचेच्या पट्ट्यांची जुनी खिडकी थंडी येते, डास येतात, कपडे बदलताना बरं वाटत नाही म्हणून ॲक्रिलिकच्या शीटनं बंद होते. वर एक्झॉस्ट फॅन असतो, त्यामुळे मनाला समाधान. पण आत हवा यायला वाटच नसेल तर फॅन बाहेर काय फेकणार? दार घट्ट, खिडकी बंद आणि गीझरची नळी उघडी, अशा खोलीत फॅन लावला तर तो गीझरच्या नळीतून बाहेरची हवा आत ओढू शकतो, आणि तिच्याबरोबर बाहेर चाललेला धूरही परत येतो. हवेला यायला खाली एक वाट आणि जायला वर एक वाट, अशा दोन्ही लागतात.

जाता जाता स्वयंपाकघरातल्या "चिमणी"बद्दलही. ज्या चिमणीची नळी भिंतीतून बाहेर जाते ती खरी चिमणी. दिसायला चांगली म्हणून हल्ली नळी नसलेली मिळते, ती हवा कोळशाच्या फिल्टरमधून गाळून तिथेच परत सोडते. तेलकटपणा आणि थोडा वास ती पकडते, कार्बन मोनॉक्साइड पकडत नाही. तिला चिमणी म्हणणं म्हणजे खिडकीचं चित्र टांगून वारा आला म्हणण्यासारखं आहे.

परदेशातही हेच

हा ब्लॉग वाचणाऱ्यांपैकी काहीजण अमेरिकेत, कॅनडात आहेत. तिथल्या घरांत गॅसची शेकोटी असते. खऱ्या विटांच्या चिमणीची तिला गरज नसते, छपरातून एक धातूची नळी बाहेर काढली की काम होतं. पण छपरावर ती नुसती नळी बोडकी दिसते, म्हणून तिच्याभोवती लाकडी चौकट उभारून वर विटांसारख्या दिसणाऱ्या पातळ फरश्या चिकटवतात आणि टोकाला शोभेचं टोपरं बसवतात. लांबून पाहणाऱ्याला वाटावं की शंभर वर्षांचं घर आहे.

हौसेला माझी हरकत नाही. पण त्या टोपऱ्यानं नळीचं तोंड अर्धवट झाकलं की बाहेर पडणारा वायू तिथेच घुटमळतो. या शेकोट्यांपैकी पुष्कळांमध्ये नळीत नळी असते, आतलीतून धूर बाहेर आणि बाहेरचीतून ताजी हवा आत. बाहेर पडलेला धूरच पुन्हा आत ओढला गेला तर ज्योत गुदमरते. शिवाय गरम नळीला लाकूड किती जवळ चालेल याची मर्यादा असते, ती मोडली तर आगीचा धोका वेगळाच. म्हणूनच अमेरिकेत बऱ्याच राज्यांनी आधार मानलेल्या घरबांधणीच्या संहितेत स्पष्ट लिहिलं आहे की गॅसच्या नळीच्या तोंडावर शोभेचं आवरण लावायचं नाही. अपवाद एकच, ते आवरण नेमक्या त्याच नळीसाठी तपासून मान्य केलेलं असेल तर. म्हणजे नटवा, पण ज्यानं नळी बनवली त्याला विचारून. छपरावर गेलेल्या गवंड्याच्या कल्पनेनं नाही.

इंग्लंडचं उदाहरण आपल्या फॉल्स सीलिंगच्या अगदी जवळचं आहे. २००८ साली तिथे एका नव्या फ्लॅटमध्ये एक तरुणी कार्बन मोनॉक्साइडनं मरण पावली. गॅस बॉयलरची धुराची नळी छताच्या पोकळीतून नेलेली होती आणि ती नीट जोडलेली नव्हती. वरून सगळं नवं कोरं, आतलं कुणाला दिसणार? त्यानंतर तिथे अशा झाकलेल्या नळ्यांचा प्रश्न ऐरणीवर आला आणि नळी झाकायचीच असेल तर तपासणीसाठी उघडता येणारी झडप ठेवावी लागेल असं ठरलं. १ जानेवारी २०१३ पासून झडप नसलेला बॉयलर तिथला गॅस तंत्रज्ञ धोकादायक ठरवून, मालकाच्या परवानगीनं बंद करतो. आपल्याकडचा फिटर मात्र झाकलेली नळी पाहून "काम मस्त झालंय" म्हणून पैसे घेऊन जातो.

शरीरात काय होतं

रक्तातलं हिमोग्लोबिन म्हणजे प्राणवायू वाहून नेणारी एसटी समजा. कार्बन मोनॉक्साइड हा रुमाल टाकून सीट धरणारा प्रवासी आहे. हिमोग्लोबिनला चिकटण्याची त्याची ताकद प्राणवायूच्या दोनशे ते अडीचशे पट आहे, आणि एकदा बसला की तो लवकर उठत नाही. गाडी भरलेली दिसते, पण मेंदूला आणि हृदयाला हवा असलेला प्रवासी फाट्यावरच उभा राहतो.

सुरुवातीला डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, हातापायांतलं बळ जातं. पुढे विचार सुचेनासा होतो. इथेच घात आहे. "मला काहीतरी होतंय, दार उघडून बाहेर जावं" हे कळण्यासाठी जो मेंदू लागतो, तोच आधी मंदावतो. माणूस खाली बसतो आणि कडी आतून लावलेली असते. दार आत उघडणारं असेल तर पडलेल्या माणसाच्या अंगावर ते अडतं. लहान बाळाचा श्वास जलद असल्यामुळे त्याला आपल्याआधी त्रास होतो. गरोदर बाईच्या बाबतीत पोटातल्या बाळाला आईपेक्षाही जास्त धोका असतो, कारण त्याच्या रक्तातून हा वायू आणखी हळू बाहेर पडतो.

सगळेच काही मरत नाहीत, आणि म्हणूनच हा आजार ओळखू येत नाही. बाथरूममध्ये चक्कर येऊन पडलेली मुलगी दवाखान्यात येते. घरचे सांगतात, उपाशी होती, अशक्तपणा असेल. झटके आल्यासारखं झालं असेल तर फिट्सचं लेबल लागतं आणि वर्षानुवर्षं गोळ्या सुरू होतात. भारतातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी अशा रुग्णांबद्दल लिहिलं आहे, त्याला "गॅस गीझर सिंड्रोम" असं नावही मिळालं आहे. खूण साधी आहे. त्रास फक्त बाथरूममध्ये होतो, बहुतेक थंडीत, आणि गीझर बाहेर नेला की थांबतो. तुमच्या घरात कुणाला आंघोळीनंतरच डोकेदुखी होत असेल आणि गॅलरीत उभं राहिलं की बरं वाटत असेल, तर डोकेदुखीची गोळी घेण्याआधी गीझर बंद करा. फिट्सच्या गोळ्या चालू असतील तर त्या मात्र स्वतःहून थांबवू नका, डॉक्टरांना हा सगळा संदर्भ सांगा.

आणखी एक सापळा. कोविडच्या काळात घरोघरी आलेला बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर इथे फसवतो. कार्बन मोनॉक्साइडनं भरलेलं हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूनं भरल्यासारखंच दिसतं, म्हणून माणूस गंभीर असतानाही तो ९८ दाखवू शकतो. तो आकडा बघून "काही नाही, झोपू दे थोडा वेळ" म्हणू नका. साध्या हवेत हा वायू रक्तात निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. मास्कनं शुद्ध प्राणवायू दिला तर साधारण तास-दीड तास. बरं वाटून घरी गेलेल्या काहींना काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी विसरायला होतं, चाल बदलते, स्वभाव चिडचिडा होतो. तेव्हा परत डॉक्टरांकडे जायचं असतं आणि बाथरूमची ती घटना आठवणीनं सांगायची असते.

"दहा वर्षं वापरतोय, काही झालं नाही"

हा युक्तिवाद मला दर हिवाळ्यात ऐकावा लागतो. दहा वर्षं खिडकीची एक काच फुटलेली होती म्हणून काही झालं नाही. या दिवाळीत तुम्ही ती बसवून घेतली. किंवा बर्नरवर काजळी साठली, किंवा नळीच्या तोंडाशी कबुतरानं घरटं केलं. गीझर तोच राहिला, त्याच्याभोवतीचं घर बदललं.

"वीज परवडत नाही" हा मुद्दा मात्र खरा आहे, तो मी उडवून लावणार नाही. म्हणूनच मी गॅस गीझर फेकून द्या म्हणत नाही. गीझर बाथरूमच्या बाहेर लावा, उघड्या गॅलरीत किंवा हवेशीर ड्राय बाल्कनीत, आणि आत फक्त गरम पाण्याची नळी घ्या. यात खर्च होतो तो पाइपाचा आणि भिंतीला पाडायच्या एका भोकाचा. पण नंतर त्या गॅलरीला स्लायडिंगच्या काचा लावून ती खोली करून टाकली, तर पुन्हा आपण मूळ जागी. बाहेर लावणं शक्यच नसेल तर बाहेरूनच हवा घेणारा आणि बाहेरच धूर सोडणारा बंद पद्धतीचा गीझर घ्या, नाहीतर वीज किंवा सौर. विजेच्या गीझरला अर्थिंग नीट हवं, तो विषय वेगळा.

तोवर बादली आधी भरा, गीझर बंद करा, मग आंघोळीला जा. मुलांना हेच शिकवा. नळी झाकलेली असेल तर पुढच्या रविवारची वाट न बघता सीलिंगचा तो तुकडा उघडा आणि सांधे बघा. ज्योत निळी सोडून पिवळी दिसत असेल किंवा आसपास काजळी असेल तर गीझर वापरू नका, मेकॅनिकला बोलवा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ऑनलाइन मिळतो. घेताना नाव नीट वाचा, कारण गॅस गळतीचा अलार्म वेगळा असतो आणि त्याला हा वायू कळत नाही.

आणि कुणी आत पडलंच, तर दार उघडा, लागलं तर तोडा, गीझर आणि गॅस बंद करा, श्वास रोखून माणसाला बाहेर ओढा आणि मोकळ्या हवेत न्या. तुम्ही स्वतः आत रेंगाळू नका, वाचवायला गेलेलाही पडतो. १०८ ला फोन करा. श्वास थांबला असेल आणि तुम्हाला सीपीआर येत असेल तर लगेच सुरू करा. दवाखान्यात पोहोचल्यावर पहिलं वाक्य "चक्कर आली" हे नको, "गॅस गीझर चालू होता" हे सांगा. रक्तातल्या कार्बोक्सिहिमोग्लोबिनची तपासणी होऊ शकते का ते विचारा. प्राणवायू लावून बराच वेळ गेला असेल तर तो आकडा कमी येतो, म्हणून माणूस किती वाजता सापडला आणि मास्क किती वाजता लागला, या दोन्ही वेळा कागदावर लिहून न्या.